गॉडझिलाचा खुबा तुटलाय, कोल्हापुरात सांधा बसवून देणारं कुणी आहे का?

खासबाग_कोपरा (धागाकर्ता)

मंडळी, आज सकाळी माझ्या हातून माझा सगळ्यात लाडका गॉडझिला मोडला.

फिगर म्हणजे सिनेमातल्या पात्राचा हलणाऱ्या सांध्यांचा बाहुला, हा १६ सेंटिमीटर उंचीचा. १९९५ च्या जपानी सिनेमातला पेटलेला गॉडझिला: छातीवर आणि मांड्यांवर केशरी, अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचे चट्टे, आत निखारे फुलल्यासारखे. सहा वर्षं कपाटात एकाच पवित्र्यात उभा होता. मुलगी म्हणाली, "बाबा, आज याला चालत येताना दाखव ना." मी उजवा पाय पुढं घ्यायला गेलो. जड लागला. जरा जोर लावला आणि टक् असा आवाज झाला, पाय हातातच आला. बघितलं तर कमरेतून येणारी दांडी गोळ्याच्या मानेजवळ तुटली होती. निम्मी दांडी कमरेत, गोळा मांडीच्या खाचेत. तुटल्या जागी प्लॅस्टिक पांढरं पडलंय. मुलगी काही बोलली नाही, नुसती त्याची शेपटी सरळ करून ठेवली तिनं.

फेविक्विक घरात होतं. पण लावलं असतं तर पाय कायमचा एका जागी बसला असता, आणि मला ते नको आहे. का नको ते सांगतो. लहानपणी गणपतीच्या दिवसांत उरलेली शाडू आणून मी राक्षस करायचो. उभा राक्षस जमायचा, पण वाळल्यावर हात वर करायला गेलं की खांद्यात भेग पडायची. पुढं कॉलेजात असताना पुण्यातल्या एका मित्राकडं पहिल्यांदा सांध्यांची फिगर हातात घेतली. कोपर वाकवलं, सोडलं, आणि ते तिथंच थांबलं. तेव्हापासून अकरा वर्षं मी या राक्षसांच्या मागं आहे. आकार आणि रंग मूर्तीलाही असतात. या फिगर्सचा जीव सांध्यात आहे.

तर विचारायचं हे की तुटकी दांडी आतून कशी काढायची, आणि नवीन सांधा कोल्हापुरातच कुठं होईल का? पुण्या-मुंबईला पाठवायला मन धजत नाही. आणि आपल्या भागात आणखी कोण कोण जमवतं, तेही कळू दे.


सांगाडा_३३

भावा, वाईट वाटलं वाचून. पहिली गोष्ट, आता काहीही ओढू नका. डावा पायही तसाच जाम असणार, त्यालाही हात लावू नका.

असं का होतं ते सांगतो. कारखान्यात रंग मारतात तेव्हा थोडा रंग सांध्याच्या फटीत उतरतो आणि तिथंच वाळतो. वर्षानुवर्षं हलवलं नाही की तो गोंदासारखा धरतो. बाहेरचं अंग मऊ पीव्हीसीचं असतं, आतल्या दांड्या आणि बिजागऱ्या बहुतेक वेळा एबीएससारख्या कडक प्लॅस्टिकच्या. जोर लावला की मऊ भाग दबतो आणि कडक भाग तुटतो. अर्धपारदर्शक प्लॅस्टिक तर जास्तच ठिसूळ.

उपाय गरम पाणी. उकळतं नको. स्टीलच्या पातेल्यात पाणी तापवा, बोट घातल्यावर लगेच काढावंसं वाटेल इतपत. मांडी त्यात मिनिटभर धरा. पीव्हीसी मऊ होतं आणि अंगठ्यानं दाबलं की गोळा बाहेर येतो. कमरेतल्या तुकड्यासाठी त्याच्या बरोबर मध्ये हातानं फिरवायच्या ड्रिलनं एक मिलिमीटरचं भोक पाडा, त्यात बारीक स्क्रू दोन आटे बसेल एवढाच फिरवा, कंबर पुन्हा गरम करा आणि पकडीनं स्क्रू सरळ रेषेत ओढा. तिरका ओढलात तर कमरेची खाच फाटते. माझ्या हातून एकदा फाटली आहे.

हेअर ड्रायरनंही होतं, पण ड्रायरची उष्णता एकाच जागी बसते. पाणी सगळीकडून सारखं तापवतं. माझं मत पाण्याला.

आणि "जीव सांध्यात आहे" हे तुम्ही लिहिलंत ना, ते अगदी सुरुवातीपासून खरं आहे. माझ्या आयडीतला ३३ म्हणजे १९३३, किंग काँगचं वर्ष. पडद्यावरचा तो अजस्र वानर प्रत्यक्षात जेमतेम दीड फुटाचा बाहुला होता. आत गोळा आणि खाच अशा सांध्यांचा धातूचा सांगाडा, त्यावर रबर, वरून सशाची कातडी. विलिस ओब्रायन आणि त्यांचे सहकारी तो केसभर हलवायचे, एक चित्र घ्यायचे, पुन्हा हलवायचे. नीट बघितलं तर काँगच्या अंगावरचे केस सारखे सळसळताना दिसतात. तो हलवणाऱ्यांच्या बोटांचा स्पर्श आहे. म्हणजे आपण जे हातात घेऊन बसतो ते सिनेमातल्या राक्षसाचं मूळ रूपच आहे, नंतर बाजारात आलेली नक्कल नव्हे.


रंकाळ्याची_संध्याकाळ

दादा, मी फुलेवाडीत राहते. माझ्याकडं हॉलिवूडच्या सिनेमांतले एलियन आणि प्रेडेटर हे राक्षस मिळून एकोणीस आहेत, त्यातले बहुतेक नेका या अमेरिकन कंपनीचे, सात इंची मापातले. एलियन माझा सगळ्यात आवडता. एच. आर. गीगर यांनी त्याचं रूप काढलं, आणि १९७९ च्या पहिल्या सिनेमात बोलाजी बडेजो नावाचा जवळजवळ सात फूट उंच नायजेरियन तरुण त्या वेशात होता. त्यामुळं चांगली फिगर ओळखायची माझी खूण म्हणजे हातापायांची लांबी. ते लांब आणि किडकिडीत नसतील तर दात कितीही छान रंगवलेले असोत, मी घेत नाही.

तुमच्याशी एका गोष्टीत मात्र मी सहमत नाही. मी निम्म्या फिगर्स खोक्यातून काढलेल्याच नाहीत. एक मोडली तर दुसरी आणणं आता सोपं राहिलेलं नाही. २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्हही सक्तीचं आहे, त्यामुळं बाहेरच्या छोट्या कंपन्यांचा माल इथल्या दुकानांत दिसेनासा झाला. पूर्वी पगारातून तीन महिन्यांत एक घ्यायचे, आता वर्षात एक. अशा वेळी खोक्यात ठेवणं म्हणजे जपणं आहे, असं मला मनापासून वाटतं.


खासबाग_कोपरा

ताई, शुल्काचं अगदी खरं. पण खोक्यात ठेवलेली जपली जातेच असं नाही. माझा अनुभव सांगतो. एक फिगर मी तीन वर्षं सीलबंद ठेवली होती. उघडली तर अंग चिकट, हाताला तेलकट. मऊ पीव्हीसीमध्ये जो मऊ करणारा पदार्थ घालतात तो हळूहळू बाहेर येतो. हवा खेळत नसली आणि उकाडा असला की तो पृष्ठभागावर साठून राहतो. उघड्यावर ठेवलेल्या फिगरवरून तो उडून तरी जातो. शिवाय वर पारदर्शक वेष्टन चिकटलं तर रंगही उचलून येतो.


रंकाळ्याची_संध्याकाळ

हे मला माहीत नव्हतं. आज रात्रीच दोन खोकी उघडून बघते.


पापाची_तिकटी

चिकट झाल्यास कोमट पाणी आणि भांडी घासायचं सौम्य साबण, मऊ टूथब्रश. पुसून सावलीत पंख्याखाली वाळवा. स्पिरिट लावू नका, रंग जातो. उन्हात अजिबात नको, रंग उडतात आणि पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडतं.

पावसाळ्यात आपल्याकडं हवा इतकी दमट असते की पुठ्ठ्याच्या खोक्यांना बुरशी धरते. मी जूनच्या आधी खोकी माळ्यावरून काढून आतल्या खोलीत आणतो आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकतो.


कुंभारगल्ली_५वी

शाहूपुरीतून लिहितोय. आमचं घर मूर्तिकारांचं, तीन पिढ्या गणपती करतो. मी सॉफ्ट विनाइलचे जपानी राक्षस जमवतो, तिकडं त्यांना सोफुबी म्हणतात. गॉडझिलाचे असे बाहुले मारुसान कंपनीनं १९६६ मध्ये आणले. त्यात सांधे फार नसतात: खांदे, मांड्या, कधी मान. आतून पोकळ, साच्यात विनाइल ओतून कडेला धरलेलं तेवढं ठेवायचं आणि उरलेलं परत ओतून घ्यायचं. आमच्याकडं प्लास्टरच्या पोकळ मूर्ती अशाच होतात, म्हणून मला पहिल्यांदा बघताच ते काम कळलं. भागांचा जोड कुठं घेतलाय, मानेत की खांद्यावर, हे मी आधी बघतो. चांगला कारागीर जोड लपवतो.

धाग्याचा विषय सांध्याचा आहे, तरी एक सांगायचं आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी आलं. गणपती तोंडावर होते, रंगवलेल्या मूर्ती माळ्यावर चढवता चढवता रात्र गेली. ज्या चढवता आल्या नाहीत त्यांची माती झाली. माझी पेटी खालीच राहिली. पाचव्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा खोलीत वीतभर गाळ होता. मी हातानं चाचपत एकेक राक्षस वर काढला. एकतीस होते, एकतीसही सापडले. विनाइलला काही झालं नव्हतं. पण सांध्यांच्या ज्या चार फिगर्स होत्या त्यांच्या गुडघ्यात, कोपरात बारीक गाळ शिरला होता. वाळल्यावर तो वाळूच्या कागदासारखा घासतो. मी त्या बादलीत बुडवून, पाण्याखालीच सांधे हलवून हलवून धुतल्या, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत सात वेळा बदललं. तीन वाचल्या. चौथीच्या गुडघ्याला बारीक लोखंडी पिन होती, ती गंजली आणि आतून फुगून गुडघा चिरला.

माझे वडील तेव्हा भिजलेल्या मूर्तींच्या ढिगापाशी बसले होते. मी राक्षस धुतोय हे बघून ते उठून आले आणि माझ्या शेजारी बसून ब्रशनं शेपट्या घासायला लागले. एवढंच सांगायचं होतं.


सांगाडा_३३

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.


खरी_कॉर्नर

वरची पोस्ट वाचून मलाही लिहावंसं वाटलं. माझ्याकडं फिगर्स फक्त सहा आहेत, पण सिनेमातल्या करामती हा माझा आवडीचा विषय. आमच्या चौकातला कॅमेरा मानस्तंभ रोज येता-जाता दिसतो. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला. त्यातला भीमानं कीचकाला मारण्याचा प्रसंग इतका खरा वाटला की लोक घाबरले आणि त्यावर सेन्सॉरची कात्री चालली. चित्रकार, शिल्पकार आणि यंत्राचं डोकं असलेला माणूस एकाच देहात होता म्हणून ते शक्य झालं. पडद्यावर भय उभं करायला आधी हातानं काहीतरी घडवावं लागतं, ही समज या गावात शंभर वर्षं जुनी आहे. त्यामुळं गॉडझिलाचा पाय इथंच दुरुस्त व्हावा असं मलाही फार वाटतं.

आणि तिकडचंही बघा. १९५४ च्या पहिल्या गॉडझिलात हारुओ नाकाजिमा यांनी जो वेश घातला तो सुमारे १०० किलोचा होता. आत घामानं निथळत, छोट्या टोकियोच्या इमारती तुडवत त्यांनी काम केलं. ती डरकाळी संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी राळ लावलेल्या चामडी हातमोज्यानं डबल बासच्या तारा घासून काढली. सगळं हातानं.


उद्यमनगर_टर्नर

राम राम. माझ्या पुतण्यानं हा धागा दाखवला. मी फिगर-बिगर जमवत नाही, पण पंचवीस वर्षं लेथवर उभा आहे. शिवाजी उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे. गोळा टर्न करणं हे आमचं रोजचंच काम वो, फक्त आमचा गोळा मोठा असतोय.

पितळ घालू नका. पितळाचा गोळा प्लॅस्टिकची खाच खातोय, वर्षभरात पाय ढिला पडंल. डेल्रिन म्हणून एक प्लॅस्टिक येतंय, त्याचा रॉड घ्या. कडक हाय, झिजत नाही, आणि समोरच्यालाही झिजवत नाही. पण एक अडचण हाय, डेल्रिनला अ‍ॅराल्डाइट धरत नाही. म्हणून दांडीवर गोल चर काढायचे, म्हंजे गोंद चरात बसून कुलूप लागतंय. आत दीड मिलीची स्टीलची पिन घालू, मानेत पुन्हा तुटायचं नाही.

गोळा आणि दांडीचा तुकडा दोन्ही घेऊन या. खाचेचं माप मीच घेतो, तुम्ही पट्टीनं मोजलेलं सांगू नका.


खासबाग_कोपरा

आजच येतो. फार आधार वाटला.


सांगाडा_३३

टर्नर काका, तुम्हाला एक सांगितलंच पाहिजे. रे हॅरीहाउसेन नावाचा एक मोठा कलावंत होता. तेरा वर्षांचा असताना त्यानं किंग काँग बघितला आणि आयुष्यभर तेच काम केलं. १९६३ च्या एका सिनेमात त्याचे सात सांगाडे तलवारी घेऊन माणसांशी लढतात. तेवढ्या एका प्रसंगाला साडेचार महिने लागले. त्या बाहुल्यांच्या आतले धातूचे सांधे त्याचे वडील फ्रेड करून द्यायचे. ते मशीनिस्ट होते, तुमच्यासारखेच लेथवर काम करणारे.


उद्यमनगर_टर्नर

पुतण्यानं तो प्रसंग मोबाइलवर दाखवला. तीनदा बघितला. त्या सांगाड्याचा खांदा बघा, ढाल वर उचलताना कुठं धक्का नाही. बापानं काम चोख केलंय.


खासबाग_कोपरा

मंडळी, आठ दिवसांनी लिहितोय, सविस्तर लिहितो.

तुकडा सांगाडा भाऊंनी सांगितल्याप्रमाणं निघाला. गरम पाणी, एक मिलिमीटरचं भोक, बारीक स्क्रू, सरळ ओढ. हात थरथरत होता, म्हणून मुलीला पातेलं धरायला आणि वेळ मोजायला बसवलं. साठ मोजल्यावर ती "आता" म्हणाली आणि तुकडा बाटलीच्या बुचासारखा बाहेर आला.

मग उद्यमनगर. काकांनी व्हर्नियर लावलं: गोळा ७.९ मिलिमीटर, दांडी ४. काळ्या डेल्रिनचा रॉड लेथच्या चकमध्ये, म्हणजे फिरत्या पकडीत धरला, आधी दांडी काढली, मग गोळ्याला आकार दिला. दोरीसारखी काळी साल निघून खाली पडत होती. पहिला गोळा मूळ मापाचाच केला. मांडी गरम करून बसवला तर पाय स्वतःच्या वजनानं खाली यायला लागला. काका म्हणाले, "जुना गोळा झिजल्याला नाही, खाचच पसरलीय, तुम्ही जोर लावला तवा." दुसरा गोळा मिलिमीटरचा दहावा भाग जास्त, म्हणजे ८ मिलिमीटर. तो पॉलिश पेपरनं फिरत्या चकवर घासला, पण गुळगुळीत केला नाही, मुद्दाम थोडा खरखरीत ठेवला, पकड राहावी म्हणून. बसवताना थप्प असा आवाज आला. पाय पुढं घेतला, सोडला. थांबला.

कमरेत अ‍ॅराल्डाइट लावून चोवीस तास उलटा ठेवला, रबर बँड लावून. डाव्या पायालाही गरम पाणी दिलं, सावकाश डावीकडं-उजवीकडं हलवलं, रंगाची पकड सुटली. सांध्यात सिलिकॉन तेलाचा एक थेंब सुईच्या टोकानं. साधं मशीन तेल घालू नका असं काकांनीच बजावलं, प्लॅस्टिकला बाधतं.

काकांनी दोनशे रुपये घेतले आणि पहिला गोळा मुलीला दिला. तिनं तो कंपास पेटीत ठेवलाय.

आता तो कपाटात चालत येतोय. उजवा पाय पुढं, टाच जरा उचललेली, अंगाचा भार डाव्यावर, शेपटी मागं डावीकडं वळलेली म्हणजे तोल राहतो. रात्री मागं पिवळा दिवा लावला की मांडीच्या केशरी चट्ट्यातून उजेड येतो आणि आत नवा काळा गोळा सावलीसारखा दिसतो. मला तो दिसतो हेच बरं वाटतं. झाकायला रंग मारणार नाही.


रंकाळ्याची_संध्याकाळ

दादा, डोळे भरून आले. खोकी उघडली बरं का. अकरापैकी दोन चिकट निघाल्या, तिकटीच्या दादांनी सांगितलं तसं धुऊन पंख्याखाली ठेवल्यात. बाकी नऊ बऱ्या आहेत, पण त्याही आता बाहेरच राहतील. काल पहिल्यांदा एलियनला गुडघ्यात वाकवून भिंतीला लावला. इतकी वर्षं तो कसा बसतो हेच मी बघितलं नव्हतं.

काका, माझ्या एका प्रेडेटरचं डावं कोपर लुळं आहे. गोळा नाही, दुहेरी बिजागरी आहे, दोन पिना. त्याचं काही होईल का?


कुंभारगल्ली_५वी

मलाही विचारायचंच होतं. तो पुरातला चिरलेला गुडघा मी अजून टाकलेला नाही.


उद्यमनगर_टर्नर

दोघंही या. सोमवारी लाइट नसत्या, मंगळवारी दुपारनंतर या. बिजागरीच्या पिना काढू नका, तशाच घेऊन या. आणि गुडघ्याचे चिरलेले दोन्ही तुकडे पाहिजेत, एक हरवला असला तर आधी सांगा.